डावीकडचं स्टेअरिंग

युसूफ, लेका, जायच्या आधी निदान ते बोनेट तरी चिकटवून जायचं होतंस. अर्धवट काम टाकून उठायची तुझी खोड जुनीच. "आलोच बे" म्हणून उठायचास आणि तासाभरानं कोपऱ्यावर कुणाशी तरी गप्पा छाटताना सापडायचास. या वेळी कोपऱ्यावरही नाहीस. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो तेव्हा टेबलावर आपल्या मॉडेल ट्रकचं बोनेट एकीकडं, पुढची जाळी एकीकडं, आणि गोंदाची नळी उघडी राहून दगड झालेली. हमीदाभाभी म्हणाल्या, "भाऊ, टेबलाला कुणाला हात लावू दिला न्हाई. तुमीच बघा काय ते." मी बघितलं आणि काही न करता परत आलो. मला तुझा राग आलाय, हे आधी सांगून टाकतो. चौसष्ट हे काय जायचं वय झालं?

माझ्याकडंही लोक भेटायला येऊन गेले, सख्खा सोयरा गेल्यावर येतात तसे. सगळे एकच बोलतात. युसूफभाई नेक होते, कारखान्याच्या गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, वगैरे. मी मान हलवतो. तू माझा बारीक पान्हा नेलास तो सहा वर्षं परत केला नाहीस, हे काही कुणी बोलत नाही. माझ्या चहातली बिस्किटं मला न विचारता बुडवायचास, हेही नाही. गेलेल्या माणसाचं असं सगळं धुऊन-पुसून ठेवतात की तो आपलाच होता का, अशी शंका यायला लागते.

काल शबानानं बोलावलं होतं. चाळीसाव्या दिवसाच्या आधी घर आवरायला घेतलंय तिनं. नेकनूरच्या शाळेतून रजा काढून आलीय. म्हणाली, "चाचा, अब्बांचे सगळे ट्रक तुमीच न्या. अब्बा म्हणायचे, माझी चूक माझ्या तोंडावर सांगणारा या कडा गावात एकच माणूस हाय, तो म्हणजे दिगंबर." तुझी पोरगी हे बोलली आणि मी भलतीकडंच बघायला लागलो. कारण एक चूक मी तुला तोंडावर सांगितली नव्हती. बारा वर्षं सांगितली नाही, आणि ती चूक तुला किती महागात पडली हे आपल्या दोघांत मलाच एकट्याला ठाऊक होतं. आता ट्रक गुपचूप घ्यायचे आणि तुझ्या लेकीच्या नजरेत खरं बोलणारा म्हणून राहायचं, की सांगून टाकायचं? काल काय झालं ते येतंच शेवटी. आधी आपल्यात झालं ते.

सुरुवात मला नीट आठवते. मी साखर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, तू तिथल्याच शेती खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर. तुझ्या मेव्हण्यानं जेद्दाहून पोरांसाठी एक खोका आणला होता. वर झोकात चित्र, आणि आत ट्रक नाहीच, नुसते दोन-सव्वादोनशे प्लास्टिकचे तुकडे आणि इंग्रजी कागद. पोरं रडायला लागली. तू खोका बगलेत मारून माझ्याकडं आलास. "तुला नकाशे कळतात ना बे? मग हे उभं करून दाव." जेवणाच्या सुट्टीत बसून महिन्याभरात आपण तो उभा केला. लांब नाकाचा अमेरिकन ट्रक, लालभडक. मी फुशारलो होतो. तू तो हातात घेऊन फिरवलास आणि म्हणालास, "ह्याचं नाक बघ बे. धारूरच्या घाटात पहिल्याच वळणाला अडकंल. ह्याला आपला करू." आणि माझ्या डोळ्यांदेखत हॅकसॉच्या पात्यानं नाक कापून टाकलंस. महिन्याभराचं काम! मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

पण खरं तेच होतं. आपल्या रस्त्यावरचा ट्रक कुठल्याच खोक्यात मिळत नव्हता. तो चार खोक्यांतून जमवावा लागायचा. चासी एकाची, केबिन दुसऱ्याची, चाकं तिसऱ्याची, आणि जे कुठंच नाही ते आपलं. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून, तापवून सपाट केला की पत्रा तयार. उसाला खराट्याच्या काड्या, ताडपत्रीला फाटक्या छत्रीचं कापड. उरलेले तुकडे सगळे माझ्या जुन्या ट्रंकेत. माझी बायको त्या ट्रंकेला सवत म्हणायची. "सवतीकडं जेवून जाणार का उपाशी?" असं सरळ तुझ्यासमोर विचारायची, आणि तू म्हणायचास, "वहिनी, दोघंबी जेवून जातो."

आपला एक नियम होता, तो तूच घातलेला. ज्या ट्रकला हात लावलेला नाही तो ट्रक करायचा नाही. चित्रावरून नाही, फोटोवरून नाही. यार्डात ऊस खाली करायला थांबलेल्या ट्रकला आपण टेप लावायचो. तू खाली वाकून आकडे ओरडायचास, मी लिहून घ्यायचो. ड्रायव्हर लोक विचारायचे, ट्रक विकत घेता का काय? तू म्हणायचास, "घेतो की, पण खिशात मावंल एवढा करून."

आणि तो वाद. काही खोके एकास चोवीस मापाचे, काही एकास पंचवीसचे, आणि तू दोन्ही बिनदिक्कत एकत्र करायचास. मी तुला गणित करून दाखवलं होतं की चोवीस फुटांच्या ट्रकमागं मॉडेलमध्ये जवळपास अर्ध्या इंचाचा फरक पडतो. तू म्हणालास, "एकाच कंपनीचे दोन ट्रक शेजारी उभे कर. एक नवा, एक दहा हंगाम ऊस वाहून बसलेला. सारखे भरले तर माझं नाव बदल." मी म्हणालो, बसलेला ट्रक खाली बसतो, आखूड होत नाही. तू म्हणालास, "तू कधी चालवलाय का?" हा वाद संपलेला नाही, युसूफ. तू गेलास म्हणून मी हरलो असं समजू नकोस.

कामाची वाटणीही ठरून गेली होती. चासी, अ‍ॅक्सल, बॉडी, रंग तुझा. केबिनचं आतलं काम आणि मागच्या फळीवरची अक्षरं माझी. केबिनच्या आतलं एक काम फार किचकट असायचं. हे खोके सगळे परदेशातले, तिकडं स्टेअरिंग डावीकडं. म्हणजे डॅशबोर्ड मधोमध कापायचा, त्याची बाजू फिरवायची, सांधा लुकणानं भरायचा, स्टेअरिंगला उजवीकडं नवं भोक पाडायचं. बोटभर तुकडा, पण दोन दिवस खायचा. तुझ्या जाड बोटांना ते जमणारं नव्हतं. त्यामुळं केबिन तुझ्या हातात यायची ती आतून तयार होऊनच, स्टेअरिंग उजवीकडं बसलेलं. आठ ट्रक झाले तोवर तू डॅशबोर्डला कधी हात लावला नव्हतास. मी आधी काय कापतो-जोडतो ते तू बघायचासही नाहीस; तेवढ्या वेळात तुझी गप्पांची फेरी व्हायची.

मग पाठोपाठ दोन वर्षं पाऊस नाही. विहिरी आटल्या, उभा ऊस छावणीतल्या जनावरांना गेला, कारखान्याचं गाळप नावाला झालं. कारखान्यानं सभासदांच्या गावांसाठी टँकर सुरू केले आणि एका टँकरवर तू. दोन उन्हाळे तू तो चालवलास. सकाळी निघायचास तो दिवे लागायच्या सुमाराला परत. त्या टँकरचा मागचा कॉक गळायचा. तू त्याच्याखाली तारेनं एक तेलाचा डबा टांगला होतास, आणि दिवसभरात त्यात जे पाणी साठेल ते शेवटच्या वस्तीवरच्या एका एकट्या म्हातारीचं. तिला गर्दीत घागर लावता यायची नाही. एकदा सरपंचानं तो डबा मागितला तर तू म्हणालास, "साहेब, टँकर तुमचा हाय, डबा माझा हाय." हे मला दुसऱ्याकडून कळलं. तू स्वतः कधी सांगितलं नाहीस. गप्पा एवढ्या मारायचास, पण त्यात हे नसायचं.

पुढं काही वर्षांनी तो टँकर भंगारात निघाला. त्या दिवशी तू यार्डात जाऊन टेप लावून आलास. एकटाच. मी म्हणालो, चल, नकाशा काढतो. तू म्हणालास, "ह्याला तू हात लावायचा न्हाई बे."

"कावून?"

"ह्यात मी बसलोय. तू न्हाई."

मी हसून म्हणालो, कर की. पण माझ्या पोटात दुखलं. आठ ट्रक आपण जोडीनं केले आणि जो सगळ्यांत मोलाचा, त्यातून तू मला उठवलंस. आता वाटतं, तुझं बरोबरच होतं. ते दोन उन्हाळे तुझे होते, मी तेव्हा पंख्याखाली बसून पाइपलाइनी आखत होतो. पण तेव्हा हे कळायला मन ताळ्यावर पाहिजे होतं, ते नव्हतं.

एका शुक्रवारी मी तुझ्याकडं चिमटा परत द्यायला आलो. तू जुम्याच्या नमाजाला गेलतास. भाभींनी बसा म्हटलं. टेबलावर टँकर जवळजवळ पुरा होता. टाकी पावडरच्या डब्याची, सुरेख बसली होती. मागं तारेनं टांगलेला नखाएवढा डबासुद्धा केला होतास. केबिन तेवढी सुटी, उलटी पडलेली. तिचा तळ खालून बसवावा लागतो, म्हणून केबिन उलटी धरतात, आणि उलट्यात उजवं-डावं फसतं. मी ती सुलटी केली. आत बघितलं. स्टेअरिंग डावीकडं.

दोन मिनिटांची गोष्ट होती. तू आल्यावर म्हणायचं, मूर्खा, हा खोका परदेशी आहे, बाजू फिरवावी लागते. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, मी डॅशबोर्ड घरी नेला असता, संपलं. मी काय केलं, तर केबिन होती तशी उलटी ठेवली. मनात म्हणालो, बघू दे याला, माझ्याशिवाय कसं होतंय. अगदी याच शब्दांत म्हणालो. तू आलास, टोपी काढता काढता विचारलंस, "हात न्हाई ना लावला?" मी म्हणालो, नाही लावला.

त्यानंतरही आठ दिवस होते. कारखान्याची वार्षिक सभा होती आणि मांडवाच्या तोंडाशी काचेच्या पेटीत तुझा टँकर ठेवायचं ठरलं होतं. तू माझ्याकडं येऊन म्हणालास, "पाटी तेवढी तू लिही. तुझ्याबिगर अक्षराला मजा न्हाई." मी पाटी लिहिली, 'दुष्काळातला आपला टँकर'. ती रंगवताना तीनदा ओठांवर आलं होतं. तीनदा गिळलं.

सभेच्या दिवशी माणसं बघायला लागली. ज्या गावांना तू पाणी नेलंस तिथले सभासद येत होते, डबा बघून तुला मिठ्या मारत होते. मग एक तरणा ड्रायव्हर खाली वाकला, काचेला नाक लावलं आणि मोठ्यानं म्हणाला, "युसूफभाई, हा टँकर काय अमेरिकेत पाणी वाटायला गेलता का?" लोकांना आधी कळलं नाही. मग एकेक जण वाकून बघायला लागला आणि हशा पिकला. तूही वाकलास. किती वेळ वाकलेला होतास तू! मग ताठ होऊन हसलास. "अरे हां. साहेबच झाला की टँकर." आणि सभा संपेपर्यंत त्या पेटीजवळून हलला नाहीस. जो येईल त्याला स्वतःहून दाखवत होतास, हे बघा, चुकलंय. मी पलीकडं खुर्च्या मांडल्यासारखं करत होतो.

मला वाटलं, चार दिवस चिडवतील, विसरतील. आठव्या दिवशी तू कोरा कागद घेऊन ऑफिसात आलास. "अर्ज लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

"कसला?"

"गाडीवरून काढा म्हणावं. वजनकाट्यावर बसवा. ज्याला स्टेअरिंगची बाजू कळंना त्यानं गाडी चालवू न्हाई."

मी म्हणालो, असं काय करतोस, खेळण्यातली चूक ती. तर तू दार लोटून घेतलंस आणि खुर्ची पुढं ओढलीस. "माझ्या बापाचं असंच सुरू झालतं, दिगंबर. आधी चपला उलट्या घालायचा. आमी हसायचो. मग एक दिवस घर विसरला. मी तीस वर्षं ज्या बाजूला बसलो ती बाजू माझ्या हातानं चुकली, आन् मला दिसलीबी न्हाई. उद्या कुणाचं लेकरू चाकाखाली आलं म्हंजे?"

युसूफ, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की अरे वेड्या, तू काही विसरला नाहीस. ते काम तुझं कधी नव्हतंच. डॅशबोर्ड तुझ्या हातात यायच्या आधी मी फिरवलेला असायचा. तुला माहीतच नव्हतं ते तू विसरशील कसं? एवढं म्हटलं असतं तर तू अर्ज फाडला असतास. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, की मी बघितलं होतं. मला लाज वाटली. मी पेन उघडलं आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' म्हणून सुरुवात केली. चांगला मोठा समास सोडून, वळणदार अक्षरात. तुला वाचून दाखवला. तू म्हणालास, "झकास," आणि सही केलीस.

तू काट्यावर बसायला लागलास. दुसऱ्यांचे भरलेले ट्रक काट्यावर चढताना बघायचे आणि उतरताना बघायचे. दीड वर्ष तू हॅकसॉच्या पात्याला हात लावला नाहीस. मी एकदा विचारलं, टँकरचं स्टेअरिंग नीट करून देऊ का? तू म्हणालास, "राहू दे. ध्यानात राहील." तो फडक्यात बांधून माळ्यावर ठेवून दिलास.

मग ते साल आलं ज्या साली कारखाना पेटलाच नाही. ऊसच नव्हता. काटा रिकामा, यार्डात कुत्री झोपलेली. एके दुपारी तू एक चासी बगलेत मारून माझ्या दारात आलास. "बसून बसून बूड दुखायलंय बे. काढ सवत." माझी बायको आतून हसली. मी जो आनंदलो तो काय सांगू! वाटलं, मिटलं एकदाचं. पण केबिनपाशी आलो तशी तू ती माझ्याकडं सरकवलीस. "हे तू बघून घे. माझा भरवसा न्हाई." त्यानंतर पाच ट्रक झाले, प्रत्येक वेळी तू हे म्हणालास. मी केबिन डोळ्यांसमोर धरून तपासल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, ठीक आहे. भरवसा नेमका कुणाचा नव्हता ते मला माहीत होतं.

गाडी तू पुन्हा कधी चालवली नाहीस. स्कूटरसुद्धा विकून टाकलीस. शबानाकडं नेकनूरला जायचं तर एसटीनं, खिडकीशी बसून, आणि परत येऊन मला सांगायचास की ड्रायव्हरनं कुठल्या वळणावर गिअर उशिरा टाकला. तुझं डोकं तर शेवटपर्यंत ताजं होतं. जायच्या दोन दिवस आधी तू मला आपल्या दुसऱ्या ट्रकच्या दोन चाकांमधलं अंतर सांगितलंस, पाव इंचासकट. मी वही काढून बघितलं, बरोबर निघालं. तुझ्या बापाचं झालं तसं तुझं काही झालं नाही. बारा वर्षं ते व्हायची वाट बघत बसलास तेवढं झालं.

आणि तू मला काय काय दिलंस ते तरी कुठं बोलून दाखवलं मी? माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक काम दिसेना, तेव्हा तू ट्रकच्या आरशाच्या दांडीला भिंग बसवून ते माझ्या टेबलाला आवळून दिलंस. म्हणालास, "आता दिसतंय ना? मग काढ माझ्या चुका." मी रिटायर झालो त्या दिवशी समारंभानंतर सगळे निघून गेले आणि तू माझ्या हारांचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरापर्यंत आलास, रस्ताभर "साहेब आले, साहेब आले" ओरडत. माणसाच्या आयुष्यात असा एक मित्र आला तरी पुष्कळ झालं. मला तो मिळाला. त्याच्याशी मी असा वागलो.

तर काल. दुपारची वेळ. शबानानं ट्रक वर्तमानपत्रात गुंडाळून सफरचंदांच्या खोक्यांत भरून ठेवले होते. माळ्यावरचा टँकरही. ती परत तेच म्हणाली, तोंडावर बोलणारे तुमीच. मी म्हणालो, "शबाना, बस जरा." आणि सगळं सांगितलं. शुक्रवार, उलटी केबिन, पाटी. अर्जापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "अर्ज तुमी लिहिला?"

"माझ्या हातानं."

"आन् तवाबी म्हणला न्हाई?"

"नाही."

ती खोक्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या साली मी बारावीला होते, चाचा. अब्बा रोज सकाळी चहाच्या वेळी मला वही घेऊन बसवायचे. टँकरच्या खेपेची सगळी गावं ओळीनं म्हणून दाखवायचे. वस्त्यांसकट. मी वहीत बघून टिक करायची. मला वाटायचं, गंमत करतात. मी हसायची." मग म्हणाली, "एकदाबी चुकले न्हाईत. एकदाबी न्हाई, चाचा."

हे मला माहीत नव्हतं, युसूफ. खुदा कसम म्हणायचा अधिकार मला नाही, पण खरंच माहीत नव्हतं. मी शबानाला म्हणालो, मला माफ कर. ती उठली. "माफी मला कावून मागताय? माझं काय बिघडवलं तुमी? अब्बांना सांगा." तुझ्या टेबलासमोर तिनं स्टूल ओढून ठेवलं, मला त्यावर बसवलं आणि भाभींना घेऊन मागच्या अंगणात गेली. जाताना दार लावून घेतलं.

मी त्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून बसलो. वेड्यासारखं वाटत होतं. तरी सांगितलं, मोठ्यानं, जसं झालं तसं. युसूफ, मला दिसलं होतं. तू काही विसरला नव्हतास. मी मुद्दाम गप्प बसलो. मग थांबलो. तू नेहमी माझं वाक्य संपायच्या आत बोलायचास, म्हणून सवयीनं थांबलो. बाहेर भाभी कोंबड्यांना हाकलत होत्या, तेवढाच आवाज. मग मी रडलो, ते तुला सांगायला हरकत नाही.

शबाना आत आली. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"काहीच नाही म्हणाला गं."

"तुमीबी काही म्हणला नव्हता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. वाकून खोक्यातला टँकर काढून घेतला, तो तुझ्या खुर्चीवर ठेवला, आणि बाकीचे तेरा ट्रक माझ्याकडं सरकवले. म्हणाली, "हे न्या. अब्बांनी तुमच्यासाठी सांगून ठेवलेत."

मी खोके उचलले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.